चोरलच्या उतारावर मिश्र जंगल: कागदपत्रं, खड्डे आणि ‘झाड कुणाचं?’

इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांकडे महू, सिमरोल, मानपूर किंवा चोरलच्या बाजूला आजोबांनी नाहीतर वडिलांनी घेतलेला जमिनीचा एखादा तुकडा असतो. कुणी तो बटाईवर (पिकाच्या वाट्यावर कसायला) दिलेला असतो, कुणी नुसता पडीक ठेवलेला. ‘तिथे साग लावून टाक, वीस वर्षांनी बघ’ हा सल्ला तर प्रत्येक लग्नात कुणीतरी देतंच. आमच्या आठ एकरांवर सागासोबत बारा-पंधरा जातींचं मिश्र जंगल, तेही शेजारच्या तीन भिलाला आदिवासी कुटुंबांबरोबर भागीदारीत, उभं करायला मी २०२१ मध्ये सुरुवात केली. यंदा त्यातला शेवटचा मोठा कागद हातात आला. सगळं आठवतंय तोवर लिहून ठेवते. इंदूरच्या लोकमान्य नगरातून दर महिन्याला कुणाचातरी फोन येतो आणि फोनवर मी निम्मं सांगायचं विसरते.

बाबा २०२० च्या नोव्हेंबरमध्ये गेले. मार्च २०२१ मध्ये मी आणि दादाने फौती नामांतरणाचा, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं चढवण्याचा अर्ज केला. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, सगळ्यांचे आधार, खसरा (शेताचा सरकारी उतारा) आणि बी-१ (खातेदाराचा उतारा) यांची नक्कल, आणि आईचं संमतीचं शपथपत्र एवढं लागलं. वाद नसलेलं नामांतरण एरवी महिन्याभरात होतं म्हणतात. आमचं एप्रिलच्या कोरोना लाटेत अडकलं आणि सप्टेंबरमध्ये झालं. खसरा ऑनलाइन दिसतो, पण नक्शा आणि जागेवरचा बांध जुळतात का हे जमिनीवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून लगेच सीमांकनाचा, म्हणजे हद्दमोजणीचा अर्ज टाकला. उभ्या पिकात कुणी साखळी ओढत नाही. सोयाबीन निघाल्यावर हरभरा पेरायच्या आत मोजणी व्हावी असा बेत होता, ती जानेवारी २०२२ मध्ये झाली. तारखा पुढे ढकलल्याची चिठ्ठी येत राहिली, दरवेळी बँकेतून रजा टाकावी लागली. मोजणीच्या दिवशी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना बोलवा, पंचनाम्यावर त्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या आणि त्याच संध्याकाळी कोपऱ्यांवर दगड पुरून घ्या. आमचा एक बांध सहा-सात फूट आमच्याच बाजूला सरकला होता. शेजारच्या बांनी (तिकडे वडीलधाऱ्याला ‘बा’ म्हणतात) तो तिथेच हसत कबूल केला. पुढच्या सगळ्या बोलण्याला ती दुपार उपयोगी पडली.

सागच का नाही, हा प्रश्न सगळ्यात आधी घरातूनच आला. आमच्याकडे त्याचं उत्तर कपाटात होतं. १९९० च्या दशकात प्लांटेशन कंपन्यांचं पेव फुटलं होतं. दोन-पाच हजार भरा, तुमच्या नावाचं सागाचं झाड लागेल, वीस वर्षांनी लखपती व्हा. इंदूरच्या मध्यमवर्गानेही त्यात पैसे घातले. सेबीने १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम आणले तोवर पुष्कळ कंपन्यांचे दरवाजे बंद झाले होते. बाबांकडे असलं एक हिरव्या किनारीचं प्रमाणपत्र होतं, त्यावर झाडाचा नंबरसुद्धा छापलेला. ते झाड कुठे होतं हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. त्यामुळे ‘साग लावला की झालं’ यावर घरात कुणाचाच विश्वास नव्हता. मला मात्र सागाबद्दल राग नव्हता, तो एकटा लावण्याबद्दल शंका होती.

ती शंका महूजवळच्या बडगोंदा नर्सरीत बोलता बोलता पक्की झाली. एकट्या सागाच्या लागवडीत पावसाळ्यात पानांची चाळणी करणारी अळी आली की रांगच्या रांग जाळीदार होते, झाड मरत नाही पण वाढ खुंटते. सागाच्या थाळीएवढ्या पानांवरून पावसाचे मोठे थेंब खाली पडतात आणि खाली गवत-झुडूप नसेल तर उतारावरची माती उघडी पडते. उन्हाळ्यात तीच पानं वाळून आगीला निमंत्रण देतात. शिवाय सागाला पाय ओले चालत नाहीत. माळव्याची काळी चिकण माती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात साग पहिली दोन वर्षं जोरात दिसतो आणि मग रुसतो. आमची जमीन पठार संपून विंध्याची उतरंड सुरू होते तिथे आहे. वर काळी, मध्ये मुरूम, खाली नाला. एका शेतात तीन जमिनी असताना एकच झाड कशाला?

आता खरी अडचण. आठ एकर इंदूरहून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, आणि मी नोकरीत. राखणार कोण? बटाईवर ती जमीन बांचं घरच कसत होतं, वरच्या चार एकरांत सोयाबीन, उरलेल्यात गवत. खालच्या उतारावर त्यांची आणि त्यांच्या दोन पुतण्यांची जमीन लागून. जानेवारी २०२२ मध्ये मी त्यांच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. सगळे ऐकत होते. मग बांनी विचारलं, “बाई, पेड़ किसका होगा?”

पुढचे तीन महिने या एका प्रश्नात गेले. लोक मला जातींबद्दल, अंतराबद्दल विचारतात, पण वेळ इथे लागतो. झाड कापायला येणार वीस-पंचवीस वर्षांनी. तेव्हा बा नसतील, कदाचित मीही नसेन. सोयाबीनची बटाई दर हंगामात मिटते. झाडाची कशी मिटवायची?

वकिलाने आधी कायद्याची चौकट सांगितली. मध्य प्रदेशात २०१६ पासून भूमिस्वामी (जमीनमालक) आणि बटाईदार यांच्या हितसंरक्षणाचा कायदा आहे. त्यात लेखी करार करता येतो, पण मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. करार लेखी असला की दोघेही सुरक्षित. बटाईदाराला नुकसानभरपाई मागता येते आणि जमीनमालकाला जमीन जाईल ही भीती राहत नाही. तोंडी बटाईत दोघांनाही काही नाही. दुसरी गोष्ट, त्यांच्या जमिनीबद्दल कसलाही करार करायचा नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीच्या हातात जाऊ नये म्हणून भू-राजस्व संहितेच्या कलम १६५ मध्ये कडक बंधनं आहेत. त्यांच्या शेतातल्या झाडांसाठी १९९९ चा वेगळा कायदा आहे, कापायचं तर कलेक्टरची परवानगी लागते. ही भानगड कशाला, असं मला वाटलं होतं. मग वकिलांनी मालिक मकबूजा प्रकरण सांगितलं. बस्तर तेव्हा मध्य प्रदेशातच होतं. तिथे आदिवासींच्या मालकीची सागाची झाडं व्यापाऱ्यांनी आणि त्यांना सामील असलेल्या लोकांनी कवडीमोलाने घेऊन तोडली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. बांनी ‘मालिक मकबूजा’ हा शब्द ऐकलेला नव्हता, पण शहरातला माणूस येऊन झाडाच्या भागीदारीची गोष्ट काढतो याचा अर्थ त्यांना माझ्याआधी कळत होता.

शेवटी ठरलं ते असं. त्यांच्या जमिनीवरची झाडं पूर्ण त्यांची. मी फक्त रोपं आणि आणण्याचं भाडं देणार, बदल्यात काही नाही. माझ्या जमिनीवर पाच वर्षांचा बटाई करार, दर पाच वर्षांनी नवा. मधलं पीक, सोयाबीन, तूर, पुढे सावली झाल्यावर हळद, यात त्यांचे सत्तर टक्के, माझे तीस. गवत, सरपण, पळसाची पानं, मोहाची फुलं पूर्ण त्यांची. बांबूत निम्मेनिम्मे. इमारती लाकूड निघेल त्या वेळी जो करार चालू असेल त्यातल्या कुटुंबाला निम्मं, आणि हे वाक्य प्रत्येक नव्या करारात जसंच्या तसं येणार असं मी आणि दादाने वेगळ्या संमतिपत्रावर लिहून दिलं. ते कोर्टात किती टिकेल, याबद्दल वकील फार उत्साही नव्हते. बा म्हणाले, “लिखा है ना? बस.” करार हिंदीत केला, तीन प्रती काढल्या, एक तहसीलला जमा करून पोच घेतली. वकिलाची फी ३,५०० रुपये, टायपिंग-नोटरी मिळून आणखी सहाशे. करार वाचून दाखवला तेव्हा घरातल्या बायकांना मुद्दाम बसवलं होतं. सरपण आणि मोहाचं कलम त्यांनी घालायला लावलं, पुरुषांच्या ते डोक्यातही नव्हतं.

एक गोष्ट इथेच सांगते. मिश्र जंगल लावणाऱ्याने तेंदूपत्त्याच्या उत्पन्नाची स्वप्नं बघू नयेत. तेंदूपत्त्याच्या व्यापाराचं नियमन मध्य प्रदेशात १९६४ च्या कायद्यापासून सरकारकडे आहे. स्वतःच्या शेतातलं पान असलं तरी मनाला येईल त्या व्यापाऱ्याला विकता येत नाही.

मार्चमध्ये मातीचे नमुने दिले. वर, मध्ये, खाली असे तीन वेगळे. सगळे एकत्र करून एकच पिशवी देऊ नका, तिचा झाडांसाठी उपयोग शून्य. अहवालात सेंद्रिय कर्ब कमी आला, उतारावर तर फारच कमी. खताचा प्रश्न इंदूरच्याच पद्धतीने सोडवला. अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात आपल्या इंदुरात, इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत बसून पिकांचा काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर लावून, ढीग ठरावीक काळाने उलटून तीन महिन्यांत खत करायची रीत बसवली. जगात ती ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. इंदूरच्या लोकांना स्वच्छतेच्या नंबराचा अभिमान असतो, याचा पत्ता नसतो. आम्ही सोयाबीनचा भुसा आणि पळसाची पानं वापरून तीन ढीग लावले. बांच्या सुनेने ते उलटायचं काम अंगावर घेतलं, रोजाने.

एप्रिल-मे २०२२ मध्ये समतल चर खणले. उतारावर पाणी अडल्याशिवाय रोपं लावणं म्हणजे पैसे नाल्यात. सर्व्हेयरने जे दर सांगितले ते ऐकून आम्ही ए-फ्रेम केली. दोन बांबू वर एकत्र बांधायचे, मध्ये आडवा तिसरा, वरून सुतळीला दगड. दोन्ही पाय एका पातळीत असले की सुतळी आडव्या बांबूवरच्या खुणेशी येते. बांचा नातू, दहावीतला, एक पाय रोवून दुसरा फिरवत अख्खा उतार चालत गेला, मागून त्याची बहीण चुन्याची ओळ टाकत होती. जिथे मुरूम फार कडक तिथे जेसीबी लावला, ताशी १,२०० रुपये. बाकी हातानेच. खड्डे दीड फूट लांब-रुंद-खोल, एका खड्ड्याला १८ रुपये, आणि ते मे महिन्याचं ऊन खात उघडे ठेवले.

त्याच दिवसांत बांनी मला एक गोष्ट दाखवली, तिने खर्चाचा आराखडाच बदलला. उतारावर मी ‘झुडूप साफ करणे’ असं लिहून मजुरी धरली होती. ते मला एका गुडघाभर झुडपाशी घेऊन गेले. धावड्याचं होतं. खालची माती पायाने बाजूला केली तर मनगटाएवढं जुनं खोड, वर्षानुवर्षं गुरांनी खाल्लेलं, कुऱ्हाडीने छाटलेलं, आणि त्यातून सात-आठ बारीक फुटवे. त्यांनी दरातीने (विळ्याने) सगळ्यात सरळ फुटवा सोडून बाकीचे जमिनीलगत तिरके कापले. म्हणाले, “ये लगाना नहीं पड़ेगा.” उतारावर धावडा, पळस, तेंदू, चार (म्हणजे चारोळीचं झाड), एक-दोन ठिकाणी सागाचीसुद्धा अशी खुंटं निघाली. जमिनीखाली जंगल शिल्लक होतं. आम्ही खालच्या एकर-दीड एकरात खड्डेच खणले नाहीत, नुसते फुटवे निवडले आणि गुरं बंद केली. आज सगळ्यात उंच झाडं तिथलीच आहेत. लावलेल्या रोपाला आधी मूळ करावं लागतं, याचं मूळ तयार होतं. ज्यांच्या जमिनीवर आधीच झाडोरा आहे त्यांनी २००१ च्या लोक वानिकी कायद्याबद्दल वनखात्यात जरूर विचारावं, खासगी वनक्षेत्रासाठी व्यवस्थापन आराखडा त्यात करता येतो.

जाती कुठे कुठे बसवल्या ते थोडक्यात. नाल्याकाठी अर्जुन, करंज, जांभूळ. मधल्या खोल मुरमाड मातीत साग, बिबळा, शिवण, शिसव, तेही आलटून पालटून, साग चारांत एक. वरच्या उघड्या कडेला खैर, अंजन, धावडा. बांधावर आवळा, सीताफळ आणि मानवेल बांबू. वरची काळी जमीन पिकालाच ठेवली, तिच्या कडेला चार मोह. अंतर बहुतेक तीन बाय तीन मीटर, म्हणजे हेक्टरी साधारण अकराशे. पुढे विरळणी करावी लागणार हे धरूनच. पहिल्या विरळणीतल्या बल्ल्या (सरळ वासे) शेतकऱ्याच्या घराला आणि मांडवाला जातात, त्यामुळे त्यांना ती हवीच असते.

रोपांची मागणी सरकारी नर्सरीत फेब्रुवारी-मार्चमध्येच नोंदवा. जूनमध्ये गेलात तर साग आणि बांबू मिळेल, बिबळा-शिसव संपलेले असतील. मला बिबळा कमी पडला म्हणून एका खासगी नर्सरीतून आणला, दिसायला हिरवागार, कमरेएवढा. पिशवी फाडली तर आत मुळं जिलबीसारखी वेटोळी घालून बसलेली. असली रोपं लागतात, दोन वर्षं जगतात आणि मग वाऱ्याने मोडतात किंवा वाळतात, कारण मूळ खाली जातच नाही. अर्ध्याहून जास्त परत केली, पैसे मात्र निम्मेच परत मिळाले. टेम्पोत चढवायच्या आधी चार-पाच पिशव्या तिथेच फाडून बघा, नर्सरीवाला कितीही तोंड वाकडं करो.

सागाची मात्र पिशवीतली रोपं घेतलीच नाहीत, स्टंप घेतले. वर्षभराच्या रोपाचा अंगठ्याएवढा जाड सोटमुळाचा वीतभर तुकडा, वर दोन बोटं खोड, बाकी सगळं छाटलेलं. बघणाऱ्याला वाटतं वाळलेलं गाजर विकत घेतलंय. शंभराचा गठ्ठा ओल्या गोणपाटात एका माणसाच्या खांद्यावर येतो. पहिला दमदार पाऊस झाला की पहारीने भोक पाडायचं, स्टंप सरळ उभा सोडायचा, खोड-मुळाचा सांधा जमिनीबरोबर, आणि बाजूने पहार मारून माती घट्ट दाबायची. आत पोकळी राहिली की स्टंप कुजतो. जुलै २०२२ च्या पहिल्या आठवड्यात सगळी लागवड झाली, तीनही घरांतली माणसं आणि माझ्या दोन भाच्या. मोहाची रोपं आणली नाहीत. मोहाच्या बिया फार दिवस टिकत नाहीत. जूनमध्ये बायकांनी ताज्या बिया आणून दिल्या, त्या तशाच जागेवर टोकल्या.

दिवाळीपर्यंत सागाचं जवळजवळ सगळं लागलं होतं, बिबळ्याचं निम्मं. अंजन बोटभरच दिसत होता. दादा म्हणाला गेला. तो गेलेला नसतो. अंजन पहिली काही वर्षं खाली मूळ पाठवण्यातच घालवतो. निमाडच्या कोरड्या टेकड्यांवर तो उगाच टिकलेला नाही.

राखणीचा खर्च मला लागवडीपेक्षा जड गेला. जाळीच्या कुंपणाचा भाव चार लाखांच्या पुढे निघाला. आम्ही काटेरी फांद्यांचं कुंपण, आतून थुअर (निवडुंग) आणि करवंदाची जिवंत वई, असं साठ हजारांत केलं. घोडारोज (नीलगाई) त्यावरून उडी मारतात. आवळ्याचे शेंडे त्यांनी दोनदा साफ केले. शेळ्यांचा प्रश्न माणसांचा होता. गावातल्या ज्यांचा या भागीदारीत काही वाटा नाही त्यांच्या शेळ्या आजवर तिथे चरत होत्या. बांनी गावात बसून ठरवलं की गवत कापून कुणीही न्यावं, डोक्यावर मावेल तेवढं, पण जनावर आत नको. मला हे सुचलं नसतं आणि माझं कुणी ऐकलंही नसतं.

२०२३ चा ऑगस्ट कुणी विसरणार नाही. देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. त्या जुलैत आम्ही मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावली होती आणि वरच्या कडेचा दुसरा टप्पा केला होता. टँकर आणला, १,००० रुपयांना एक, बायकांनी हंड्यांनी प्रत्येक रोपाला पाणी घातलं, बुडाशी गवताचं आच्छादन. आणि सप्टेंबरच्या मध्यात असा कोसळला की नर्मदेला पूर आला आणि आमच्या चरांचे दोन बांध वाहून गेले. तरी चर होते म्हणून माती राहिली. मार्च २०२४ मध्ये खालच्या बाजूने आग आली. फेब्रुवारीतच आम्ही भोवती दहा फुटांची जाळरेषा काढली होती, गवत कापून, राब करून. आग तिथवर आली आणि कोपऱ्यातली काही सीताफळं घेऊन विझली. जाळरेषेला त्या वर्षी ७,००० रुपये मजुरी गेली. दरवर्षी ती काढायलाच लागते, आणि नेमका हाच खर्च लोक आराखड्यात धरत नाहीत.

पुतण्यांपैकी धाकटा स्वतःच्या जमिनीपुरता पहिल्यापासून बाजूला होता. त्याचं म्हणणं होतं, सोयाबीन आहे ना. सप्टेंबर २०२४ मध्ये सोयाबीनचा भाव पडला. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर असताना मंडीत त्याच्या खूप खाली सौदे होत होते, आणि सहा हजारांच्या मागणीसाठी माळव्यात ट्रॅक्टर रॅल्या निघत होत्या. तेव्हा तो स्वतःहून आला. त्याच्या उतारावर बांबू आणि आवळा लावायचं ठरलं. सरकारच्या बांबू मिशनमध्ये खर्चाच्या साधारण निम्मं अनुदान तीन वर्षांत, जिवंत रोपं मोजून मिळतं, त्याचा अर्ज त्याच्या नावाने भरला. शेतातला बांबू २०१७ च्या दुरुस्तीपासून वन कायद्याच्या व्याख्येत ‘झाड’ राहिलेला नाही, कापायला-विकायला सोपा. सागाच्या आधी हातात पैसा देणारं हेच पीक, निदान आमच्या उतारावर.

राहिला शेवटचा कागद, खसऱ्यात झाडांची नोंद. ही का महत्त्वाची? उद्या साग कापायचा आणि न्यायचा तर तो सरकारी जंगलातला नाही हे सिद्ध करावं लागतं. सागाला वाहतूक परवाना लागतोच. खसऱ्यात लागवडीचं वर्ष, जाती आणि संख्या असली की पुढचं निम्मं काम झालं. नियम मात्र स्थिर नाहीत. २०१५ च्या अधिसूचनेने राज्यात पुष्कळ जाती परवान्यातून मोकळ्या केल्या होत्या, ती २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राने शेतजमिनीवरच्या झाडतोडीसाठी नमुना नियम राज्यांकडे पाठवले, त्यातही लागवडीची नोंदणी हीच पहिली पायरी आहे. वीस वर्षांत काय काय बदलेल देव जाणे, नोंद मात्र कुठल्याही नियमात कामाला येईल.

जानेवारी २०२४ मध्ये अर्ज दिला. सोबत रोपांच्या पावत्या (सरकारी नर्सरीची पावती इथे सोन्याची, ती प्लास्टिकमध्ये ठेवा), मोजणीचा नक्शा, तारखेसह फोटो, बटाई कराराची प्रत. गिरदावरी (पीक पाहणी) आता सरकारच्या सारा ॲपवर होते, तिथे पिकाच्या जागी सोयाबीन दाखवायचं की झाडं, यावरच सुरुवातीला अडलं. एका कार्यालयाने सांगितलं, हे काम त्यांचं नाही. दुसऱ्याने आधीच्याकडे पाठवलं. मंगळवारच्या जनसुनवाईत (लोकांच्या तक्रारींच्या सरकारी सुनावणीत) अर्जाची पोच दाखवली तेव्हा तारीख मिळाली. त्या दिवशी पटवारी (तलाठी) आले, बांच्या नातवाबरोबर ओळीओळीने फिरले, मोजलं. त्यांनाही धावडा आणि साजा (ऐन) वेगळा ओळखता येत होता, त्यामुळे दुपार चांगली गेली. कैफियतीच्या (शेऱ्याच्या) रकान्यात नोंद चढून नक्कल हातात आली ती यंदा. बा आणि थोरल्या पुतण्याच्या खात्यांतही त्यांच्या झाडांची नोंद करून घेतली, अर्ज वेगवेगळे. भागीदाराची नोंद राहून आपलीच झाली, असं करू नका.

पैशांचं विचारतातच सगळे. कागदपत्रं सोडून माझा पहिल्या तीन वर्षांचा खर्च सव्वाचार लाखांच्या आसपास गेला, त्यातली निम्म्याहून जास्त मजुरी, आणि ती बहुतेक या तीन घरांतच गेली. मला मिळालं ते मधल्या पिकाचे तीस टक्के, वर्षाला पंधरा-वीस हजार. कार्बन क्रेडिटवाले दोघे येऊन गेले. एवढ्याशा क्षेत्रात पडताळणीचाच खर्च उत्पन्नापेक्षा जास्त व्हायचा, म्हणून चहा पाजून पाठवले.

सध्या वाद चाललाय तो चारोळीचा. खालच्या उतारावर चाराची जी झाडं फुटव्यांतून वर आली आणि जी दोन-तीन जुनी झाडं होती, त्यांना यंदा फळ आलं. करारात ‘मोहाची फुलं’ लिहिलंय, चारोळीचं नाव नाही. इंदूरच्या सियागंज बाजारात चारोळीचा किलोचा भाव बघून दादाचे डोळे मोठे झाले. त्याचं म्हणणं निम्मेनिम्मे. बांच्या सुनेचं म्हणणं, झाडावर चढून तोडायची आम्ही, दगडावर फोडायची आम्ही, मग निम्मं कशाचं? मला तिचं पटतं. दादा अजून तयार नाही. २०२७ मध्ये करार नवा होईल त्यात चारोळीचं कलम वेगळं टाकायचं, तोवर यंदाची चारोळी त्यांच्याकडे आणि आमच्याकडे दिवाळीला पावशेर, असं तात्पुरतं ठरलंय.